ऑम्नीचे गायब बोल्ट आणि मुरारजी पेठेतलं नट-बोल्टचं दुकान

सोलापुरात ज्यांच्याकडं जुनी ऑम्नी आहे त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. मुरारजी पेठेत ऑटोमोबाईलच्या दुकानांच्या गर्दीत एक फक्त नट-बोल्ट विकणारं दुकान आहे, बोर्डावरचं नाव उन्हानं उडून गेलंय, बाहेर पोत्यात वायसर अन् आत भिंतभर पत्र्याचे खण. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येईलच.

गाडी आमची २००६ ची, पेट्रोल अन् एलपीजी दोन्ही, ७९६ सीसी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला नेऊन टाकायचे एवढंच तिचं काम, पण ते रोजचं. मागं एका गॅरेजला क्लचप्लेट बदलली अन् तेव्हापासून गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली, क्लच सोडला की सीटखाली धाडकन् आवाज, गिअरची दांडी धरली की हाताला मुंग्या. त्या गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं, "ऑम्नी हाय मालक, तीन सिलिंडर, हलणारच की."

आता हे अर्धंच खरं आहे. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच पुढं-मागं डोलतं, पहिल्या अन् तिसऱ्या सिलिंडरचे झटके एकमेकांना पूर्ण खाऊन टाकत नाहीत, म्हणून तर खाली रबरी माउंटिंग असतं (आपले मेस्त्री लोक त्याला फाउंडेशन म्हणतात). पण रबर झटका कधी खाणार, तर एका बाजूनं ते इंजिनच्या ब्रॅकेटला अन् दुसऱ्या बाजूनं चासीला घट्ट धरलेलं असेल तेव्हा. धरणारा बोल्टच नसेल तर रबर कोरं करकरीत असून काय उपयोग. अन् ऑम्नीत इंजिन ड्रायव्हरच्या सीटखालीच, सगळा हिशोब थेट आपल्या कंबरेला पोचतो.

तपासायचं सोपं आहे. सीट उचला, झाकण काढा, एकाला आत बसवून हँडब्रेक पक्का लावून ब्रेकवर पाय ठेवायला सांगा अन् पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडून परत दाबायला लावा, मग तेच रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला उभं राहून बघा, गाडीच्या पुढं किंवा मागं उभं राहू नका. इंजिन थोडं कलणारच, पण एका बाजूनं उठून खाली आपटत असेल तर तिथं काहीतरी सुटलंय. आमचं डाव्या बाजूनं उठत होतं. खाली बॅटरी मारून बघितलं तर डाव्या ब्रॅकेटचा एक बोल्ट गायब, दुसरा अर्धा बाहेर आलेला, अन् गिअरबॉक्सखाली जो आडवा लोखंडी पट्टा, म्हणजे क्रॉस मेंबर असतो त्याला एका बाजूला बोल्टच्या जागी चक्क बाइंडिंगची तार पिळलेली! क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा हे सगळं खोललं होतं, परत लावताना जे सापडलं ते लावलं, बाकीचं राहिलं गॅरेजच्या मातीत.

मारुतीच्या पार्टच्या काउंटरवर रबरं लगेच मिळाली, होलोग्रामवाली जेन्युइन. ऑम्नी २०१९ ला बंद झाली तरी असल्या पार्टची अडचण नाही. बोल्ट मागितला की मात्र समोरचा माणूस असा बघतो जसं काही आपण भेळेच्या गाड्यावर पुडीचा कागद वेगळा मागितलाय. सुटे बोल्ट पार्ट नंबरनं मागवावे लागतात, कधी येतील ते नक्की नाही. म्हणून मग त्या नट-बोल्टवाल्याकडं.

दुकानदार म्हातारे आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पहिला प्रश्न, "सँपल आणलाय का?" मी अर्धा बाहेर आलेला तोच बोल्ट काढून नेला होता. त्यांनी तो फडक्यानं पुसला, डोक्यावरचा आकडा बघितला, करवतीच्या पात्यासारखं पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायचं) आट्यांवर टेकवून उजेडात धरलं अन् म्हणाले, "दहाचा हाय, पण एक पंचवीस. हे साध्या हार्डवेअरमध्ये मागू नका, तुम्हाला दीडचा देतील अन् ठोकून बसवतील." दहा एमएमच्या बोल्टचे नेहमीचे आटे दीड एमएम अंतराचे, बाजारात सर्रास मिळतो तो हाच. सुझुकीसारख्या जपानी गाड्यांत दहाच्या बोल्टला बऱ्याच ठिकाणी सव्वा एमएमचे बारीक आटे असतात. दिसायला दोन्ही सारखे. दीडचा बोल्ट सव्वाच्या भोकात दोन-तीन आटे जातो अन् मग कडक होतो, घाईतला मेस्त्री समजतो गंज आहे, लांब पाइप लावून पाना दाबतो, की इंजिनच्या अंगातले आटे गेले. मग रीटॅप करा (आटे परत पाडा) नाहीतर हेलिकॉइल (भोकात बसवायची आट्यांची स्प्रिंग) बसवा, तीस रुपयाच्या वस्तूपायी. पान्याच्या मापावरून पण थोडा अंदाज येतो, कंपनीच्या दहाच्या बोल्टला १४ चा पाना लागतो अन् साध्या बाजारी बोल्टला बहुतेक १७ चा. पण नुसत्या डोक्यावर जाऊ नका, गेज लावूनच घ्या.

दुसरी गोष्ट ताकदीची. जुन्या बोल्टच्या डोक्यावर ७ होता, म्हणजे चौरस मिलिमीटरला ७० किलोपर्यंत ओढ सहन करणारा. त्याच्या जागी अण्णांनी ८.८ दिला. पहिला आठ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणार (मघाचे ७० किलो म्हणजे या मापात साधारण ७००), अन् पॉइंट आठ म्हणजे त्याच्या ८० टक्के, ६४० पर्यंत कायमचा ताणला जाणार नाही. मी सहज विचारलं की स्टेनलेसचा चकचकीत द्या की, गंजणार तरी नाही, तर थेट नाही म्हणाले. बरोबरच आहे, बाजारात मिळणारा ए२-७० स्टेनलेस ४५० च्या आसपासच ताणायला लागतो, शिवाय त्याचे आटे एकमेकांत चिकटतात. डोक्यावर काहीच आकडा नसलेला बोल्ट तर इंजिनला धरूच नका, तो गेटच्या बिजागरीला ठीक.

लांबीवर पण त्यांनी अडवलं. मी म्हटलं थोडा लांब द्या, जास्त पकडेल. "आत भोक बंद असलं तर तळाला टेकंल, पाना कडक लागंल अन् ब्रॅकेट ढिलंच राहील." ब्रॅकेटची जाडी, वायसरची जाडी, अन् आत बोल्टच्या जाडीइतका तरी शिरला पाहिजे असा हिशोब कागदाच्या चिटोऱ्यावर मांडून दिला. स्प्रिंग वायसर, जाड प्लेन वायसर, क्रॉस मेंबरसाठी नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, आपोआप सुटत नाही), सगळं मिळून दोनशेच्या आत. अहो एवढा वेळ मला शोरूमवाल्यांनी गाडी घेताना पण दिला नव्हता.

बसवून घेतलं जुना पुणे नाक्याकडच्या एका मेस्त्रीकडं, पत्ता अण्णांनीच सांगितला. पोरगा तरुण आहे पण हात शांत. संपखाली (इंजिनच्या तळाचा तेलाचा पत्र्याचा डबा) लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकनं इंजिन नुसतं वजन उचलण्यापुरतं वर घेतलं, कारण डायरेक्ट जॅक टेकवला तर संप दबतो. भोकात आधी टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून माती-गंज साफ केला. क्रॉस मेंबरचं एक होल तारेवर चालून चालून लांबट झालं होतं, तिथं नुसतं मोठं वायसर टाकून बोळवण न करता जाड पट्टीला भोक पाडून वेल्ड मारून घेतलं. सगळे बोल्ट आधी हातानं लावले, एकही कसला नाही, जॅक सोडला, इंजिन स्वतःच्या वजनानं बसू दिलं, न्यूट्रलमध्ये थोडं चालवून बंद केलं अन् मग टॉर्क रेंचनं (किती जोरानं कसतोय ते दाखवणारा पाना) एकेक कसला. हा क्रम महत्त्वाचा आहे बरं का, इंजिन टांगलेलं असतानाच कसलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं अन् नव्या रबराला महिन्याभरात चिरा. दहाच्या ८.८ ला तो साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर धरतो. टॉर्क रेंच असलेलं छोटं गॅरेज सोलापुरात बघितलं की मला आपलं उगाच बरं वाटतं.

वेळ मात्र दुपारची निवडू नका. मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ अन् वर ते इंजिन तापलेलं, बिचारा पोरगा पाना फडक्यात धरून काम करत होता. सकाळी गार गाडी न्या.

फरक? धाडकन् आवाज पूर्ण गेला. सायलेंसरचा पाइप खाली कुठंतरी घासून खणखणायचा तो पण गेला, कारण इंजिन हलायचं म्हणूनच तो घासत होता अन् मी उगाच सायलेंसर बदलायच्या विचारात होतो. थरथर आहे अजून, पण ती तीन सिलिंडरची आहे तेवढीच, आरशात मागची गाडी आता एकच दिसते. घरच्या लोकांनी तुळजापूरला जाऊन आल्यावर पहिल्यांदा कंबर दुखते म्हणून तक्रार केली नाही. नंतर थोडी चालल्यावर परत कसून बघायला गेलो तर क्रॉस मेंबरचा एक नट पाव आटा फिरला, बाकीचे होते तिथंच. मेस्त्रीनं त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता कापलेला स्टार. एक तर अण्णा पक्कं बिल देत नाहीत, मागितलं की वहीचं पान फाडून देतात, ज्यांना धंद्याच्या खर्चात दाखवायचं असतं त्यांची पंचाईत. दुसरं, सँपल नसेल तर तुमच्याशी बोलतच नाहीत, फोटो दाखवला तर "फोटोला आटे असतेत का" म्हणतात. बरोबर आहे, पण लांबून आलेल्या माणसाला जरा गोड बोललं तर काय बिघडतं. अन् सगळ्यात खटकलेली गोष्ट, बिनआकड्याचे बोल्ट पण त्याच दुकानात आहेत अन् एखादा मेस्त्री येऊन स्वस्तातला द्या म्हणाला की ते देतात पण. मला समजावलं तसं त्यालाही समजवायला पाहिजे होतं, त्याच्या गिऱ्हाइकाला कुठं माहीत असतं आपल्या इंजिनखाली काय लागलंय. दुपारी एक ते चार दुकान बंद, गाडी लावायला जागा नाही, हे तर सोलापुरात धरूनच चालायचं.

इकोवाल्यांनी माझं माप धरून जाऊ नका, तिचं इंजिन १२०० सीसीचं अन् माउंटिंग वेगळं, स्वतःचा बोल्ट काढूनच न्या. तो गायब असेल तर दुसऱ्या बाजूचा काढून न्या, पण आधी खाली जॅक अन् ठोकळा लावा. अन् सुट्टे पैसे ठेवा खिशात, अण्णा ऑनलाइन घेत नाहीत अन् तीस रुपयाला पाचशेची नोट पुढं केली तर काही न बोलता बोल्ट परत खणात टाकतात.