‘डर्ट रेडी’ म्हणून डांबरी ट्रॅकची गाडी गळ्यात मारली

ऑटोक्रॉससाठी (मैदानात आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर वेळ लावून पळायची शर्यत) तयार, जुनी रेस कार शोधणाऱ्या मुलांसाठी हे लिहितोय. आपल्याकडे पुणे, नाशिक, कोल्हापूर पट्ट्यात मुरमावर पळणारे हौशी पुष्कळ, पण मातीसाठी नीट बांधलेल्या गाड्या थोड्या. डांबरी सर्किट मात्र दक्षिणेत आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे. तिथे वापरून थकलेल्या गाड्या विकायला निघतात, त्यात वावगं काहीच नाही. पण काही दलाल आणि गॅरेजवाले तीच गाडी थोडी उचलून, जाड नक्षीचे टायर चढवून ‘डर्ट रेडी’, म्हणजे मातीसाठी तयार, या नावाखाली इकडे खपवतात. आम्हाला अशी एक मारुती एस्टीम पावणेचार लाखांना विकली गेली.

गाडी माझ्या मामेभावासाठी होती, पैसे दोघांचे. त्याचा हात मित्राच्या जिप्सीवर बसलेला. एस्टीमच का, तर १२९८ सीसीचं इंजिन, वजनाला हलकी, आणि २००७ मध्ये उत्पादन थांबलं तरी पार्ट अजून मिळतात. शिवाय ही गाडी आपल्या देशात सर्किटवरही धावली आणि रॅलीतही. नेमकं इथेच फसवणाऱ्याचं फावतं. एखादी एस्टीम आधी डांबरावर धावली की मातीत, हे फोटोवरून कळत नाही, आणि विकणारा सोयीचा इतिहास सांगतो.

आम्हाला सांगितलं गेलं की गाडी तीन रॅली धावलेली आहे. पुरावा म्हणून धुरळा उडवत जाणाऱ्या एस्टीमचा व्हिडिओ आला. त्या गाडीच्या छतावर हवा आत घेणारं व्हेंट होतं. आम्हाला दाखवलेल्या गाडीवर नव्हतं. विचारलं, तर विकणारा म्हणाला की ते काढून ठेवलंय. व्हेंटसाठी छताला भोक पाडावं लागतं. या गाडीचा छताचा पत्रा कंपनीतून आला तसा अखंड होता, कुठे जोड नाही की पॅच नाही. यावर उत्तर आलं की छत बदललं. आणि लगेच, ‘उद्या सकाळी दुसरी पार्टी येतेय, टोकन टाकताय का?’

मामेभावाने सर्किटची गाडी मातीत चालते का असा थेट प्रश्न केला, तेव्हा त्या माणसाने अमेरिकेतल्या नॅसकार या कार शर्यतींचं उदाहरण दिलं. ब्रिस्टलला नॅसकारच्या गाड्या मातीत पळाल्याच ना, मग ही का नाही पळणार? हा युक्तिवाद तुमच्याही कानावर येईल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टेनेसीतल्या ब्रिस्टलचा काँक्रीटचा ट्रॅक २०२१ मध्ये मातीने झाकून तिथे नॅसकारच्या मुख्य, म्हणजे कप मालिकेची शर्यत झाली, हे खरंच आहे. त्या मालिकेची त्याआधीची मातीतली शर्यत १९७० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले शहरात झाली होती. पण ब्रिस्टलसाठी गुडइयरने मातीचे वेगळे टायर दिले होते आणि टीमनी सस्पेन्शनही मातीसाठी बसवून घेतलं होतं. एवढं करूनही सरावात टायर झिजले, धुळीने पुढचं दिसेना म्हणून मध्येच रोखलेली शर्यत पुन्हा सुरू करताना गाड्या एकाच रांगेत घ्याव्या लागल्या. तीन वर्षं हा प्रयोग चालला आणि २०२४ पासून ब्रिस्टल पुन्हा काँक्रीटवर आलं. जागतिक रॅलीतही एकाच गाडीला डांबरावर १८ इंची चाकं लागतात आणि खडी-मातीवर १५ इंची, शिवाय स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर वेगळे. डांबराची गाडी मातीत नेता येते, पण खालून जवळजवळ नवी बांधून. आमच्याकडून पैसे घेतले ते बांधून झालेल्या गाडीचे.

गाडी आली, पहिल्याच स्पर्धेच्या स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीला, लावली आणि तिथेच बाद झाली. त्या तपासनीसांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी रोलकेजच्या (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) मुख्य कमानीला जाडी मोजायचं यंत्र लावलं: १.६ मिलिमीटर. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमात मुख्य कमान बिनशिवणीच्या कोल्ड-ड्रॉन पोलादी नळीची लागते, ४५ मिमी व्यासाला २.५ मिमी जाडी किंवा ५० मिमीला २ मिमी. आमच्या नळीच्या उघड्या टोकात टॉर्च मारला तर आत उभी शिवण स्पष्ट दिसत होती, म्हणजे गेट-ग्रिलला वापरतात तो पाइप. केजचा पाय जिथे टेकतो तिथे गाडीच्या पत्र्याला किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट वेल्ड केलेली असावी लागते. आमच्याकडे नुसता वॉशर लावून बोल्ट मारलेला. आणि त्याच्या बाजूला, कार्पेटच्या तुकड्याखाली, जुन्या प्लेटा ग्राइंडरने कापल्याच्या खुणा. म्हणजे गाडीला एकेकाळी चांगला केज होता. तो काढून वेगळा विकला आणि जागी हा सांगाडा उभा करून त्याच रंगात रंगवला. गाडी उलटली असती तर हा केज माझ्या भावाच्या डोक्यावर दुमडला असता. पैसे बुडाले त्याचं दुःख आहे, पण खरी चीड याची येते.

मग गाडी आमच्या गावच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी जॅक लावून पुढचं चाक हवेत सोडलं. चाक जेमतेम दोन बोटं खाली आलं आणि खट्ट आवाज करून थांबलं. मातीसाठी बांधलेली गाडी असती तर ते तीन-चार इंच तरी उतरलं असतं. कारण लगेच सापडलं: सर्किटचे आखूड, कडक स्प्रिंग आणि आखूड दांड्याचे शॉकॲब्सॉर्बर तसेच होते, वर नायलॉनचे स्पेसर घालून गाडी उंच केली होती. उंची वाढली, चाकाची वर-खाली चाल वाढली नाही. अशी गाडी खड्ड्यावरून गेली की चाक जमिनीमागे खाली जातच नाही, हवेत तरंगतं. आणि दरवेळी शॉकॲब्सॉर्बर आपल्या टोकाला आपटतो. तो मार वरच्या पत्र्याला बसतो.

त्या पत्र्यावर काळं, ताजं अंडरकोटिंग होतं. मिस्त्रींनी खरवडायला घेतलं. आधी कोटिंग निघालं, मग गुलबट पुट्टी. पुट्टीत स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला तर अर्धा आत गेला. डाव्या स्ट्रटच्या टॉवरला, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक बसतं त्या पत्र्याला, अर्धगोल चीर होती, वेल्डिंगचा एक टिपकाही नाही. इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा गार्ड म्हणून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा स्क्रूने अडकवलेला, पहिल्याच दगडाला तो वाकला असता आणि मागोमाग चेंबर फुटलं असतं. सस्पेन्शनच्या सांध्यांत रबरी बुशांच्या जागी सर्किटवर लावतात ते रोझ जॉइंट, म्हणजे धातूचे गोळ्यावर फिरणारे सांधे, होते. डांबरावर त्याने स्टिअरिंग नेमकं मिळतं. मुरमाची धूळ शिरली की तेच सांधे खुळखुळायला लागतात. काचेऐवजी पॉलिकार्बोनेट, आणि पुढे पाणी मारायची सोयच नाही. धुळीत दोन फेऱ्यांनंतर चालवणाऱ्याला काही दिसलं नसतं.

म्हणून सांगतो, गाडी रॅम्पवर घेतल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. विकणारा ‘इथे रॅम्प नाही’ म्हणाला तर जवळच्या पंक्चरवाल्याकडे जॅक मिळतो. चाक लटकवून बघा. चाक वर-खाली धरून हलवा. चारही टॉवरचं कोटिंग खरवडायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. एअर फिल्टर झाकणाशिवाय उघडाच लावलेला असेल, समोर ब्रेकला हवा देणारे पाइप असतील, मागच्या चाकांमागे मडफ्लॅपच्या बोल्टची जुनी भोकं नसतील, तर ती गाडी मातीत कधी राहिलेली नाही. सीटखाली, दाराच्या पोकळीत बोट फिरवा. मातीतल्या गाडीत कितीही धुतली तरी तिथे लाल धूळ सापडते. आमच्या गाडीच्या बाहेरच्या खालच्या भागावर चिखल होता, दाराच्या आत मात्र टायरच्या रबराचे काळे कण.

कागदांचं थोडक्यात. स्पर्धेत धावल्याचं सांगतात त्या स्पर्धेचं नाव आणि क्रमांक लिहून घ्या आणि आयोजकांच्या निकालात पडताळा. आरसीवरचा चेसिस नंबर स्वतः गाडीवर वाचा. नेहमीच्या विम्यात शर्यतीतलं नुकसान धरलं जात नाही, तेव्हा ‘इन्शुरन्स चालू आहे’ या वाक्याचा ट्रॅकवर काही उपयोग नाही.

पैसे परत मागितल्यावर ‘रेस कार जशी आहे तशी विकतात, गॅरंटी नसते’ असं उत्तर आलं आणि मग नंबर ब्लॉक झाला. पण ‘पूर्ण डर्ट रेडी, सीमलेस केज’ हे शब्द त्याने स्वतः चॅटवर लिहिलेत. तो धंदा म्हणून गाड्या विकतो, जीएसटी नंबरसह पावती देतो, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करता आली, आणि तीही आमच्याच जिल्ह्याच्या आयोगात; विकणारा परराज्यातला असला तरी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली लेखी अर्ज दिलाय. तिथे आधी ‘हा दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवत होते. तपासनीसांचा शेरा, जाडी मोजल्याचे फोटो आणि तो व्हिडिओ जोडल्यावर अर्ज घेतला आणि पोच दिली. गाडीला पुढे हात लावण्याआधी फोटो काढा, मिस्त्रींकडून सही-तारखेसह लेखी घ्या. आम्ही खरवडतानाचा सगळा व्हिडिओ ठेवलाय, वकिलांना तोच सर्वांत उपयोगी पडला.

मध्यंतरी बारामतीकडच्या एका मुलाने ही गाडी विकता का म्हणून विचारलं. केजसकट सगळे फोटो पाठवून त्याला नाही म्हटलं. त्याच्याकडून कळलं की त्याच माणसाने त्यालाही एक एस्टीम दाखवली होती, छतावर व्हेंट असलेल्या त्याच व्हिडिओसह. तुमच्याकडेही तो व्हिडिओ आला असेल किंवा अशी गाडी घेऊन बसला असाल, तर चॅट आणि पावती जपून ठेवा आणि मला कळवा. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि एकाच विक्रेत्याविरुद्ध दुसरा ग्राहक उभा राहिला तर दोघांचंही म्हणणं वजनदार होतं.