‘सिल्की’ म्हणून घेतली, निघाली बॉयलर

मागच्या पावसाळ्यात घणसोली स्टेशनबाहेर बुटांच्या खोक्यातून आलेल्या कोंबडीच्या चार पिल्लांचे मी 2400 रुपये मोजले. विकणारा म्हणाला, "ताई, मिक्स फॅन्सी माल आहे. सिल्की, पोलिश आणि एक कडकनाथ क्रॉस. कुठलं काय ते मोठं झाल्यावर कळेल, त्यातच मजा. पण सगळ्या माद्याच, आणि अर्ध्या किलोच्या वर जायच्या नाहीत. फ्लॅटमध्ये मांजरासारख्या राहतात."

सिल्की, पोलिश म्हणजे शोभेसाठी पाळायच्या कोंबड्यांच्या जाती. ती मजा नेमकी कोणाची, हे आता कळतं. जात नक्की सांगितलीच नाही, तर खोटी निघाली म्हणून भांडणार कशावर? यूपीआयवर दिसलेलं नावही त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं होतं. "भावाचा नंबर आहे" म्हणाला, मी मान डोलावली.

ऐरोलीला घरी आल्यावर सासूबाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. त्या अलिबागकडच्या, अंगणात कोंबड्या डालण्यात बालपण गेलेलं. "अगं, ही बॉयलरची पिल्लं आहेत." मी त्यांना मोबाईलवर सिल्कीचे फोटो दाखवले. "असेल बाई," म्हणून त्या मेथी निवडायला बसल्या.

ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचं खोकं, खाली भाताचं तूस, वर बल्ब. पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब लागते म्हणून थर्मामीटरही टांगला. लेकीने नावं ठेवली. तीन पिल्लं खायची, खाद्याच्या भांड्याशेजारीच बसायची आणि पुन्हा खायची. तिसऱ्या आठवड्यात त्यातलं एक किचनच्या काट्यावर ठेवलं तर 820 ग्रॅम! सिल्कीची पूर्ण वाढलेली कोंबडीच किलोच्या आसपास असते.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी वजन बघायच्या आधी पाय बघितले. सिल्कीला पाच बोटं असतात, अंड्यातून बाहेर पडल्यापासूनच. आमच्या एकाही पिल्लाला पाचवं बोट नव्हतं. ही गोष्ट स्टेशनबाहेर उभ्याउभ्या, अर्ध्या मिनिटात मोजता आली असती. सिल्कीची कातडीही काळपट निळी असते, पिसं फुंकर मारून बाजूला केली की दिसते.

राहिला ‘कडकनाथ क्रॉस’. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा, 2018 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला. त्याची चोच, पाय, कातडी सगळं काळं. आमच्याला ओल्या कापसाने पुसलं तर कापूस काळा झाला आणि पिल्लू पिवळं! डॉक्टर म्हणाले, हा अंड्यांसाठीच्या जातीतला नर असावा. हॅचरीला असल्या नरांचा उपयोग नसतो, म्हणून ते कवडीमोलाने बाहेर पडतात आणि रस्त्यावर रंगवून विकले जातात.

बरोबर चौतिसाव्या दिवशी विकणाऱ्याचा आपणहून फोन आला. "ताई, मोठी झाली असतील ना? जागा कमी पडत असेल तर घेऊन या. बदलून नवीन पिल्लं देतो, वर फक्त पाचशे." मला आधी तो भला माणूसच वाटला. मग लक्षात आलं की बॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा होऊन कापायला तयार होतो. म्हणजे खाद्य माझं, वीज माझी, विष्ठा काढायला मी, आणि तयार माल त्याला परत, तोही वर पैसे देऊन. पुरावा नाही माझ्याकडे, पण एवढा हिशोब मलाही येतो. पैसे परत मागितले, तर नंबर ब्लॉक.

बॉयलरची पैदासच अशी केलेली असते की पाय आणि हृदय वजनाला पुरे पडत नाहीत. डॉक्टरांनी खाणं मोजून द्यायला सांगितलं होतं. तरी ‘ढब्बू’ सातव्या आठवड्यात एका रात्रीत गेली. लेक दोन दिवस जेवली नाही. 2400 रुपयांपेक्षा तो राग जास्त आहे. उरलेल्या दोघी मुरबाडला ओळखीच्यांकडे दिल्या. पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

पुसून निघालेला कडकनाथ मात्र अडीच महिन्यांचा झाल्यावर पहाटे चारला आरवू लागला. चौथ्या दिवशी सोसायटीचं पत्र आलं. तोही मुरबाडला गेला.

सासूबाईंनी अजून एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हटलेलं नाही. फक्त मी दुकानातून अंडी आणली की त्या एकेक हातात घेऊन बघतात आणि विचारतात, "ही नक्की कोंबडीचीच ना गं?"