‘अनपॉप्युलर’ वापरायचा कसा? ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश तपासून

‘अनपॉप्युलर’ म्हणजे अप्रिय, हे कुठलाही इंग्रजी-मराठी शब्दकोश सांगतो. अडतं ते वाक्यात बसवताना. तिथे ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीची फुकट वेबसाइट कामाला येते. ए. एस. हॉर्नबी यांचा हा कोश 1942 साली पहिल्यांदा निघाला तो जपानमध्ये. इंग्रजी परकी असलेल्याला ठेच कुठे लागते, याची जाण त्यात आजही दिसते.

शब्द शोधलात की व्याख्येवर थांबू नका, त्याच्यापुढे कोणतं प्रिपोझिशन येतं ते बघा. विथ आणि अमंग, ही दोन महत्त्वाची. आपल्या डोक्यात ‘लोकांमध्ये अप्रिय’ असतं, म्हणून मुलं सर्रास ‘अनपॉप्युलर इन पीपल’ लिहून मोकळी होतात आणि गुण जातात. ‘द टॅक्स इज अनपॉप्युलर विथ ट्रेडर्स’ हे बरोबर. ज्यांना नावडतं, त्यांच्याआधी विथ; मोठा गट असेल तर अमंगही चालतं. ‘इन’ लागतं ते ठिकाणाला: अनपॉप्युलर इन कोल्हापूर. जोर द्यायचा असेल तर ‘व्हेरी’पेक्षा ‘डीपली अनपॉप्युलर’ जास्त मुरलेलं वाटतं, विशेषतः सरकारी निर्णयांबद्दल लिहिताना. उच्चारासाठी निळा स्पीकर ब्रिटिश, लाल अमेरिकन. दोन्हीत आघात ‘पॉप’वर, ‘अन’वर नाही.

कोश कमी पडतो तो एका बारीक फरकात. एखाद्या हॉटेलातली मिसळ फारशी खपत नसेल तर ती ‘नॉट व्हेरी पॉप्युलर’. तिला ‘अनपॉप्युलर’ म्हटलंत, तर लोक तिला नावं ठेवतात असा अर्थ होतो. व्याख्येतून हे ताडता येतं, पण शिकणाऱ्याला ते उघड सांगायला हवं होतं.

‘अनफेव्हरेबल’ म्हणजे प्रतिकूल; त्याची नोंद वेगळी बघा. हवामान, अटी, विनिमय दर यांना तो शब्द लागतो. माणसाला लावलात की वाक्य बिघडलंच. ‘अनफेव्हरेबल रिव्ह्यू’ मात्र चालतो, म्हणजे विरोधात गेलेलं परीक्षण. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ‘ओ’नंतर ‘यू’ येतो, अमेरिकनमध्ये नाही. एका उत्तरपत्रिकेत दोन्ही मिसळू नका.

मराठी अर्थ इथे मिळत नाही आणि जाहिराती मध्येमध्ये येतात. दहावीच्या पुढच्यांनी बिनधास्त वापरावा. त्याआधीच्या मुलांसाठी शेजारी एखादा इंग्रजी-मराठी कोश उघडा ठेवावा लागेल.