एलपीपीची शाब्दिक उदाहरणं: आधी तक्ता की आधी वाक्य?

बारावीचा एलपीपी (लिनियर प्रोग्रॅमिंग प्रॉब्लेम, म्हणजे दिलेल्या अटी पाळून जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च काढायचं गणित) असो की बीकॉमचं ऑपरेशन्स रिसर्च, शाब्दिक उदाहरणातून अटी काढायच्या दोन पद्धती आपल्याकडे चालतात. एक तक्त्याची: वर वस्तू, डावीकडे साधनं, उजव्या टोकाला उपलब्धता, आडव्या ओळी वाचल्या की असमानता तयार. दुसरी वाक्यांची: क्ष आणि य म्हणजे काय ते आधी लिहायचं, मग एकेक वाक्य घेऊन त्याची अट मांडायची आणि त्या वाक्यावर पेन्सिलीने खूण करून पुढे जायचं. मी शिकवण्या घेतो, त्यामुळे दोन्ही शिकवून झाल्या आहेत.

तक्त्याची बाजू लंगडी नाही. दोन वस्तू, दोन-तीन यंत्रं अशा नेहमीच्या उदाहरणात त्याच्याइतकं झटपट काही नाही, आणि उत्तरपत्रिकेत तो दिसतोही नेटका. शिवाय एककांचा घोळ तिथे लगेच डोळ्यात भरतो: कामाचा वेळ मिनिटांत आणि उपलब्धता तासांत, हे एकाच ओळीत शेजारी आलं की हात आपोआप थांबतो. वाक्यागणिक जाताना ते निसटू शकतं.

माझं बिनसलं ते तक्त्यात न मावणाऱ्या वाक्यांवरून. समजा, एका गृहउद्योगात चिवड्याची क्ष आणि चकलीची य पाकिटं करायची आहेत. चिवड्याच्या पाकिटाला १० मिनिटं, चकलीच्या पाकिटाला २०, दिवसाचे ८ तास. १०क्ष + २०य ≤ ४८०, इथवर तक्ता छान चालतो. मग येतं, ‘चकलीची पाकिटं चिवड्याच्या किमान दुप्पट हवीत.’ हे कुठल्या रकान्यात घालणार? काही मुलं ते सोडूनच देतात, कारण तक्ता भरला की काम झाल्यासारखं वाटतं. काही जण तक्त्याखाली कोपऱ्यात घाईघाईने २य ≥ क्ष असं खरडतात. वाक्यात चकली आणि दुप्पट आहे ना, मग २ चकलीलाच चिकटवायचा! हवं असतं य ≥ २क्ष. चिवडा १० आणि चकली ५ घालून बघा, खरडलेली अट खुशाल पाळली जाते. वाक्यांच्या पद्धतीत प्रत्येक अटीपाशी थांबायचंच असतं, म्हणून असे सोपे आकडे घालून बघायची सवय लागते. निदान माझ्या मुलांना तरी लागली.

दुपटीऐवजी ‘एकूण पाकिटांत चिवडा ४० टक्क्यांहून जास्त नको’ असं असेल तर तक्ता आणखी अडतो. उजवीकडे ठरलेला आकडाच नाही, उपलब्धतेचा रकाना कोराच राहतो. वाक्य जसंच्या तसं लिहिलं तर क्ष ≤ ०.४(क्ष + य), आणि सोडवून ३क्ष ≤ २य. संपलं.

भरलेल्या तक्त्यावर विसंबून मोठमोठे फसलेत. अशी गणितं सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत काढणाऱ्या जॉर्ज डँट्झिग यांनी १९५० च्या दशकात स्वतःच्या आहाराचं गणित संगणकाकडून सोडवून घेतलं, तेव्हा यादीत ५०० गॅलन व्हिनेगर निघालं. ते काढून टाकलं तर सूपच्या खारट २०० वड्या, दर दिवशी! मीठ जास्तीत जास्त किती, ही अट गणितात नव्हतीच. अर्थात हे पाप सगळं तक्त्याच्या माथी मारणं बरोबर नाही. न लिहिलेली अट वाक्यांच्या पद्धतीलाही दिसणार नाही. पण ‘हे कुठल्या वाक्यातून आलं आणि कुठलं वाक्य राहिलं’ हा प्रश्न तिथे सतत समोर असतो, एवढं खरं.

म्हणून परीक्षा तोंडावर असेल आणि हात तक्त्यावर बसलेला असेल तर उगाच बदलू नका. फक्त प्रश्नातल्या वाक्यांवर खुणा करत चला. वेळ हाताशी असेल तर मी वाक्यांपासून सुरुवात करा म्हणेन, आणि साधनं तीन-चार झाली की तक्ता कच्च्या कामाला काढा. क्ष ≥ ०, य ≥ ० मात्र प्रश्नात बहुधा लिहिलेलं नसतं. ते दोन्हीकडे आपणहून लिहायचं.