स्मार्ट सिटीवर लिहायचंय: मार्क्स, वेबर, दुर्खीम की झिमेल?

धर्म, भांडवलशाही, संस्कृती आणि स्मार्ट सिटी हे चार शब्द एका शीर्षकात बसवून प्रबंधाचा आराखडा लिहायला घेतला, की गाडी बहुधा एकाच जागी अडते: सैद्धांतिक चौकट कोणाची घ्यायची, म्हणजे मार्क्स, वेबर, दुर्खीम, झिमेल या समाजाचा अभ्यास करणाऱ्या विचारवंतांपैकी कोणाच्या नजरेने बघायचं? मग ‘मार्क्सवादी, वेबरवादी आणि प्रकार्यवादी (म्हणजे प्रत्येक गोष्ट समाज टिकवायला काय काम करते ते बघणाऱ्या, दुर्खीमच्या वळणाच्या) दृष्टिकोनांचा समन्वय’ असं एक गुळगुळीत वाक्य पडतं आणि पुढची पानं कोणाचीच राहत नाहीत.

यांतला कोण बरोबर, हा प्रश्न निवडीच्या वेळी फारसा कामाचा नाही. तुमच्या हाती कोणत्या प्रकारचा पुरावा येणार आहे ते आधी बघा. करारनामे आणि ताळेबंद मिळणार असतील तर चौकट वेगळी, घरोघरी मुलाखती होणार असतील तर वेगळी, आणि नुसती अधिकृत कागदपत्रंच मिळणार असतील तर तिसरीच.

सगळ्यांना एकाच उदाहरणावर घासून बघू. ऑक्टोबर २०१७ मध्ये टोरंटोच्या सरोवरकाठी, कीसाइड नावाच्या सुमारे १२ एकर जागेवर संवेदकांनी (सेन्सरनी) भरलेली वस्ती उभारण्याची योजना जाहीर झाली. कंपनी होती साइडवॉक लॅब्स, गूगलचीच भावंड. २०१९ मध्ये तिने दीड हजारांहून जास्त पानांचा आराखडा मांडला. रस्त्यावरून गोळा होणारा डेटा कोणाच्या मालकीचा, यावरून वाद तोवर पेटलेलाच होता. मे २०२० मध्ये आर्थिक अनिश्चिततेचं कारण देऊन कंपनीने अंग काढून घेतलं. ठरलेली वस्ती काही उभी राहिली नाही, कागदांचा ढीग मात्र मागे राहिला. अभ्यासकाला आणखी काय हवं?

मार्क्स: पैशाचा माग काढता येणार असेल तर

धर्माबद्दल मार्क्सचं एकच वाक्य सगळ्यांना पाठ असतं, ‘धर्म ही लोकांची अफू आहे’ हे. १८४४ च्या त्या परिच्छेदात अफूच्या जरा आधी तो धर्माला पिडलेल्या जीवाचा सुस्कारा आणि हृदयशून्य जगाचं हृदय म्हणतो, हे सांगायचं राहून जातं. ते लक्षात ठेवलं तर प्रश्न बदलतो. लोक फसले कसे, असं न विचारता तुम्ही विचारता: शहराच्या कोणत्या दुखण्यामुळे चकचकीत आश्वासन इतकं गोड लागलं?

दुसरं हत्यार १८६७ च्या ‘भांडवल’ या ग्रंथातलं, वस्तूंच्या पूजेचं. माणसामाणसांतले संबंध बाजारात वस्तूंमधले संबंध असल्यासारखे दिसू लागतात, हे त्याचं सार. ‘शहर आता स्वतःच निर्णय घेतं’ हे जाहिरातीतलं वाक्य त्याचा इरसाल नमुना आहे. कुठल्या चौकात सिग्नल किती सेकंद थांबेल, याचा आकडा कोणीतरी माणसाने ठरवलेला असतो, त्याला त्याचे पैसे मिळालेले असतात आणि वाक्यात त्याचा पत्ता नसतो.

नुसता मार्क्स घेऊन शहराकडे गेलात तर मात्र अंतर फार पडतं. मध्ये मार्क्सवादी भूगोलज्ञ डेव्हिड हार्वे हवा. शहर चालवणाऱ्या संस्था सेवा पुरवणं सोडून गुंतवणूक खेचणाऱ्या उद्योजकासारख्या वागू लागल्या आहेत, हे त्याने १९८९ मध्येच मांडलं, म्हणजे ‘स्मार्ट’ हा शब्द शहराला चिकटण्याच्या कितीतरी आधी. टोरंटोत जमीन, डेटा आणि जागेच्या वाढत्या किमतीतला वाटा यांची जी ओढाताण झाली, तिला ही चौकट बिनचूक बसते. पण अट एकच: करार बघायला मिळाला पाहिजे. तो गोपनीय असेल तर प्रबंध घोषणांवरच्या घोषणा होऊन बसतो. असे मसुदे मी बरेच वाचले आहेत.

वेबर: फक्त कागद हाती असतील तर

चारही शब्द खरोखर एका धाग्यात ओवायचे असतील, तर माझं मत वेबरला. पण आधी एक गैरसमज काढून टाका. प्रोटेस्टंट धर्मामुळे भांडवलशाही जन्मली, असं त्याने १९०४-०५ च्या निबंधांत म्हटलेलं नाही. उलट असा खुळचट दावा आपल्याला करायचा नाही, हे त्याने तिथेच बजावलं आहे. त्याचं म्हणणं जास्त नाजूक आहे. मोक्ष कोणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवून ठेवलंय, अशी कॅल्विनपंथीय प्रोटेस्टंटांची श्रद्धा. मग आपण त्या निवडलेल्यांत आहोत की नाही, या धास्तीने माणूस शिस्तीने काम करत राहतो, कमावतो, पण चैन करत नाही. हा स्वभाव आणि भांडवली हिशेबीपणा एकमेकांना साजेसे निघाले. पुढे श्रद्धा ओसरली तरी शिस्त राहिली.

स्मार्ट सिटीसाठी खरं खाद्य या शेवटच्या वाक्यात आहे. हेतू विझतो आणि पद्धत चालू राहते. हवेची गुणवत्ता मोजायची ती लोकांच्या फुप्फुसांसाठी. काही वर्षांनी मोजमाप राहतं, अहवाल राहतो, क्रमवारीतला नंबर राहतो आणि फुप्फुसं कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत. हे शोधायला आतली माणसं भेटलीच पाहिजेत असं नाही. दहा वर्षांचे अहवाल ओळीने लावा आणि ‘का’ हा शब्द कधी गळाला, ‘किती’ कधी आला, एवढं बघा. कीसाइडची दीड हजार पानं अशीच वाचता येतात.

‘लोखंडी पिंजरा’ ही त्याची प्रसिद्ध उपमा वापरणार असाल तर जपून. ती अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टाल्कट पार्सन्सच्या १९३० च्या इंग्रजी अनुवादातून पसरली. मूळ जर्मन शब्दांचा अर्थ पोलादासारखं कठीण कवच असा होतो. पिंजऱ्यात कैदी आतला आणि गज बाहेरचे. कवचाचं तसं नाही, ते अंगाचाच भाग होतं. मोबाइलशिवाय शहरात एक दिवस काढून बघा, म्हणजे यातली कोणती उपमा पटते ते कळेल. त्याच पानावर वेबर म्हणतो की ही व्यवस्था कदाचित खनिज इंधनाचा शेवटचा साठा जळेपर्यंत माणसांचं आयुष्य ठरवत राहील. शंभर वर्षांपूर्वीचं हे वाक्य हरित शहरांवर लिहिणारे क्वचितच उचलतात.

त्याची उणी बाजू म्हणजे प्रतिकार. कवच नको म्हणणारी माणसं त्याच्या मांडणीत अंधुक दिसतात, आणि टोरंटोत तर नागरिकच विरोधात उभे राहिले होते. तिथे फ्रेंच विचारवंत ऑन्री लफेब्रची १९६८ मधली ‘शहरावरच्या हक्का’ची कल्पना जोडावी लागते.

दुर्खीम: महिनोन्‌महिने तिथे जाऊन बसता येणार असेल तरच

दुर्खीमचं १९१२ चं काम ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या धर्मावर आहे, आणि तो स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेला नाही. तुम्हाला ही सवलत मिळणार नाही. पवित्र आणि लौकिक यांतली रेघ, एकत्र जमल्यावर अंगात येणारी सामूहिक उसळी, समाज स्वतःलाच पुजतो हा निष्कर्ष, ही सगळी भाषा कार्यालयीन फायलींवर चढवली तर हास्यास्पद दिसते. नियंत्रणकक्षात पाहुण्यांना नेऊन पडद्यांची भिंत दाखवतात, तिला देव्हारा म्हणण्याचा मोह होतो. म्हणा, पण आधी तिथे पुरेसे दिवस बसा. तिथल्या कर्मचाऱ्यांना त्या भिंतीचं काही वाटतं का, की ते खाली मान घालून फोनच घेत असतात? दुसरं खरं निघालं तर तुमचं पवित्र तिथे नाही. पुनर्विकासाच्या आड येणारं प्रार्थनास्थळ, एखाद्या वस्तीचा वार्षिक उत्सव, कॅमेऱ्यांच्या देखरेखीखालची मिरवणूक असा विषय असेल, तर मात्र दुर्खीमला पर्याय नाही.

झिमेल आणि बूर्दिय: ‘संस्कृती’ हा शब्द महत्त्वाचा असेल तर

गेऑर्ग झिमेलने पैशावर १९०० मध्ये, महानगरातल्या मनावर १९०३ मध्ये आणि धर्मावर १९०६ मध्ये लिहिलं. विषयांच्या यादीत तोच सगळ्यात जवळचा, तरी आराखड्यांत तो सापडत नाही. पूर्ण प्राध्यापकपदही त्याला १९१४ मध्ये मिळालं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. दुर्लक्ष जुनंच आहे. १९०३ च्या निबंधात तो म्हणतो, बर्लिनमधली सगळी घड्याळं अचानक वेगवेगळ्या प्रकारे, तासाभराने जरी, चुकली तरी शहराचा व्यवहार बराच काळ विस्कळीत होईल. घड्याळाच्या जागी सर्व्हर घाला, वाक्य आजचं होतं. सततच्या माऱ्याने येणारा निर्विकारपणाही त्याचाच: दहावी सूचना वाजली की माणूस बघत नाही. अडचण अशी की झिमेल दृष्टी देतो, पद्धत देत नाही. परीक्षकाने ‘हे कशावरून?’ विचारलं की त्याचा शिष्य उघडा पडतो.

पद्धत हवी असेल तर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय. १९७९ च्या त्याच्या ग्रंथामागे १,२१७ जणांची प्रश्नावली होती. आवडनिवड ही वर्गाची खूण असते आणि शिक्षण-वळण हेही एक भांडवलच, हा त्याचा मुद्दा. तक्रारीचं ॲप सगळ्यांच्या फोनवर असतं, पण दखल घेतली जाईल अशा भाषेत तक्रार लिहिणं सगळ्यांना जमत नाही. मग तक्रारींचा नकाशा खड्ड्यांचा राहत नाही, सांस्कृतिक भांडवलाचा होतो. दोन वस्त्यांत पन्नास-साठ मुलाखती घेता येणार असतील, तर वेळ आणि फळ यांचा इतका चांगला मेळ दुसरीकडे बसणार नाही.

आणि फूको?

कॅमेरे आले की फ्रेंच विचारवंत मिशेल फूको येतो, हा शिरस्ता झालाय. इंग्रज विचारवंत बेंथमने कल्पिलेल्या गोल, ‘सर्वदर्शी’ तुरुंगाचं १९७५ मधलं त्याचं विश्लेषण या गृहीतकावर उभं आहे की कैद्याला आपल्यावर नजर असू शकते हे ठाऊक असतं, म्हणून तो स्वतःच स्वतःला आवरतो. पदपथाखाली गुपचूप पावलं मोजणाऱ्या संवेदकापुढे कोण कशाला आवरेल? तिथे फ्रेंच तत्त्वज्ञ जील दलझचं १९९० मधलं छोटं टिपण जास्त उपयोगी पडतं. त्यात अशा शहराची कल्पना आहे, जिथे माणूस कार्ड दाखवून घराबाहेर, रस्त्यावर, वस्तीत जातो आणि ते कार्ड एखाद्या दिवशी किंवा ठरावीक वेळेत नाकारलं जाऊ शकतं. अडथळ्याला महत्त्व नाही, महत्त्व माणूस कुठे आहे हे टिपणाऱ्या संगणकाला. टिपण चारपाच पानांचं आहे, एका बैठकीत वाचून होतं. आराखडा जमा करण्याआधी ते वाचा, आणि ‘सर्वदर्शी तुरुंग’ हा शब्द तुमच्या मसुद्यात किती वेळा आलाय ते मोजा.