झिंक सल्फेट: २१ टक्क्यांचं घ्यायचं की ३३?

कृषी सेवा केंद्रात दोन पिशव्या समोर येतात. नाव एकच, झिंक सल्फेट, म्हणजे पिकाला जस्त (झिंक) देणारं खत. एकीवर हेप्टाहायड्रेट, २१ टक्के जस्त. दुसरीवर मोनोहायड्रेट, ३३ टक्के. '३३वालं स्ट्राँग आहे' असं हमखास ऐकायला मिळतं. स्ट्राँग कसलं, त्यात पाणी कमी आहे!

हे पाणी म्हणजे ओल नव्हे. शाळेत निळा मोरचूद तापवला की पांढराफटक पडायचा, तेच हे स्फटिकजल. हेप्टा म्हणजे झिंक सल्फेटच्या एका रेणूला पाण्याचे सात रेणू धरलेले, मोनो म्हणजे एकच. हेप्टाचे खडे हाताला कोरडे लागतात, पण त्यांच्या वजनात जवळजवळ ४४ टक्के पाणीच असतं. मोनोत ते १० टक्क्यांवर येतं.

त्यामुळे भाव किलोचा बघू नका, जस्ताचा बघा. २१ टक्क्यांचं १० किलो टाकलं तर २.१ किलो जस्त पडतं. तेवढंच ३३ टक्क्यांच्या साधारण ६.४ किलोत मिळतं. सोपा हिशेब असा: हेप्टाच्या दराला १.५७ ने गुणा. समजा ते ५० रुपये किलो आहे, तर मोनो ७८ रुपयांपर्यंत परवडतं. त्यापुढे हेप्टाच बरं.

फवारणीला मी हेप्टाच घेतो, पटकन विरघळतं. मोनोची पूड जरा ढवळत बसावं लागतं. एकदा विरघळलं की दोन्ही सारखीच.

साठवायचं असेल तर मात्र मोनो. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात हेप्टाचं स्फटिकजल सुटतं, बंद पिशवीत ओल धरते आणि सगळ्याचं ढेकूळ होतं. उघड्या पिशवीत खड्यांवर पांढरी पूड चढते. घाबरू नका, जस्त कुठं जात नाही. पाणी उडाल्यावर किलोमागे त्याचा टक्का उलट वाढतोच.

हेप्टाची खरी अडचण भेसळीची. मॅग्नेशियम सल्फेटही सात पाण्यांचंच, खडे हुबेहूब तसेच, आणि स्वस्त. घरी पाहायचं तर डीएपीचं (नत्र-स्फुरदाच्या दाणेदार खताचं) पाणी गाळून घ्या आणि त्यात या खड्यांचं पाणी ओता. जस्त असेल तर दाट पांढरा साका बसतो, नुसतं मॅग्नेशियम असेल तर बसत नाही. आणि म्हणूनच झिंक आणि डीएपी एका ड्रममध्ये कधी कालवायचं नाही.