८ ओमवर १००० वॉट म्हणे, आणि आत ६३ व्होल्टचे कपॅसिटर

गणपतीसाठी अँप्लिफायर घेणाऱ्या मंडळांनी पैसे मोजायच्या आधी हे वाचा. आमचे ४७,३०० रुपये बुडाले. अँप्लिफायरचे ३८,५०० (१८,००० यूपीआयने, २०,५०० रोख) आणि जळालेल्या चार स्पीकरच्या रिकोनिंगचे (नवा कोन-कॉइल बसवण्याचे) प्रत्येकी २,२०० प्रमाणे ८,८००. विकणारा ‘बिल मागाहून पाठवतो’ म्हणाला, ते आजतागायत आलेलं नाही. बिलाशिवाय एक रुपयाही देऊ नका.

मागच्या पट्टीवर छापलं होतं: ८ ओमवर प्रत्येक चॅनेलला १००० वॉट आरएमएस (म्हणजे सलग मिळणारी पॉवर), २ ओमवरही चालेल. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, एका चॅनेलवर ८ ओमचे चार बॉक्स पॅरललमध्ये (म्हणजे एकूण २ ओम) बिनधास्त जोडा. आम्ही त्याच्या शब्दाबाहेर काहीही केलेलं नाही.

पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारला की कपॅसिटर दिसतात. प्रत्येक रेलला (आतल्या अधिक आणि उणे डीसी सप्लायला) एकच, १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट. म्हणजे रेल ६३ व्होल्टच्या वर असूच शकत नाही. लबाडी तिथेच उघडी पडत होती! ८ ओममध्ये १००० वॉट घालायला ८९ व्होल्ट आरएमएस लागतात, म्हणजे पीक १२६. ६३ व्होल्टच्या रेलवर, काहीही तूट न धरता, २४८ वॉटच्या वर जाताच येत नाही. पण दुकानात जाळीमागे काळा फोम होता आणि स्क्रूवर ‘सील तोडल्यास वॉरंटी रद्द’. गिऱ्हाइकाने बघायचं तरी कसं? फोम काढून दाखवत नसेल तर दुकानातून बाहेर पडा.

नंतर टेक्निशियनने शाबूत राहिलेला चॅनेल डमी लोडवर (स्पीकरऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) मोजला. क्लिपिंग (आवाजाची लाट वरून कापली जाणं) सुरू होताना ८ ओमवर ३८ व्होल्ट, म्हणजे १८० वॉट. ४ ओमवर ३३ व्होल्ट, २७२ वॉट. ट्रान्सफॉर्मर दमदार असता तर ३६० च्या आसपास मिळाले असते. ओम निम्मे झाले की करंट दुप्पट होतो, रेल बसते (तिचं व्होल्टेज पडतं) आणि सगळी उष्णता आउटपुट ट्रान्झिस्टरवर येते. इथे चॅनेलला ५२००-१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या दोनच जोड्या होत्या. २ ओमवर एक शॉर्ट झाला आणि रेलचं डीसी थेट स्पीकरवर गेलं. रेल बसून ४० व्होल्ट राहिली तरी ६ ओमच्या कॉइलमध्ये सुमारे २६५ वॉटची सलग उष्णता होते. कोन एका जागी रुतलेला, म्हणजे कॉइलला हवाही नाही. हे थांबवणारा प्रोटेक्शन रिले बोर्डवर बसवलेला होता, पण त्याच्या दोन पिनांवर खालून जाड तार डागलेली, म्हणजे रिले असून नसल्यासारखा. ही चूक नव्हे, दरोडा आहे.

ब्रिज मोडवर (दोन्ही चॅनेल एकाच स्पीकरला जोडून) ४ ओम लावायला सांगत असतील तर ऐकू नका. प्रत्येक बाजूला २ ओमच दिसतात. ८ ओमचा स्पीकर मल्टिमीटरवर साडेपाच ते सात दाखवतो, ते ठीक आहे.

पोलीस चौकीत म्हणे ‘हा दिवाणी मामला’. छापील पट्टीचा फोटो, यूपीआयची नोंद, मोजमापाचा कागद, सगळं टेबलावर ठेवलं, तर ‘वॉट कमी भरले याचा गुन्हा कसा नोंदवायचा?’ मापात पाप केलं तर गुन्हा, मग १८० ला १००० म्हणून विकणं काय? साधा अर्जही घेतला नाही, पोच तर लांबच. वर ‘तुम्ही शिकलेली माणसं, बघून घ्यायचं ना’ हे ऐकवलं. लुटणारा मोकळा आणि शहाणपण आम्हाला!

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. जळालेले ट्रान्झिस्टर आणि तार डागलेला बोर्ड दुरुस्तीत फेकू देऊ नका, पुरावा तोच आहे.